पाठ टेकल्यानंतर : कुस्ती व ब्राझिलियन जिउजित्सू यांतील भूमिस्थितीचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

शहागडजवळ गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा संपून बीड जिल्हा लागतो. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवरील गावांच्या जत्रांत भरणारे कुस्त्यांचे फड एकाच नियमाने चालतात. नारळावर लागणाऱ्या पोरांच्या कुस्तीपासून अखेरच्या मोठ्या जोडीपर्यंत निकालाची खूण एकच : ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. 'चीत करणे', 'अस्मान दाखविणे', 'पाठीला माती लागणे' हे वाक्प्रचार फडातून निघून भाषेत इतके रुळले आहेत की, त्यांच्यामागे विशिष्ट खेळाचा विशिष्ट नियम उभा आहे ह्याचे भानही बोलणाऱ्यास राहत नाही. पाठ टेकणे म्हणजे पराभव, हे आपणांस जणू निसर्गनियमासारखे वाटते.

ब्राझिलियन जिउजित्सू ह्या विद्येत मात्र पाठ टेकलेला मल्ल हरलेला नसतो. त्याचे पाय प्रतिस्पर्ध्याच्या व त्याच्या धडाच्या मध्ये आहेत तोवर तो केवळ बचावातच नव्हे, तर चढाईतही असतो. ह्या स्थितीस तेथे 'गार्ड' म्हणतात, आणि वरच्या मल्लाने पायांचा हा अडसर मोडून पलीकडे जाण्यास 'गार्ड ओलांडणे' अशी संज्ञा आहे. कुस्तीत हा प्रश्नच उद्भवत नाही. कारण तो उद्भवण्यापूर्वीच पंचाने निकाल दिलेला असतो. एकाच शरीरस्थितीला दोन विद्यांत असे परस्परविरुद्ध अर्थ का प्राप्त व्हावेत, आणि एका विद्येत तयार झालेला मल्ल दुसरीत उतरला असता त्याचे काय होते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. खालच्या मल्लाचा मार्ग : पालथे होणे

तालमीत खाली गेलेल्या मल्लास पहिली शिकवण मिळते ती पालथे राहण्याची. तो पोट मातीकडे करतो, कोपरे अंगालगत घेतो, गुडघे रुंद रोवतो आणि मान आखडून धरतो. वरचा मल्ल त्याच्या पाठीवर ताबा घेतो व त्याला उताणा करण्याच्या खटपटीस लागतो. घिस्सा, घुटना, एकलंगी, हप्ता, सवारी ह्या डावांची योजना ह्याच एका कामासाठी आहे. जमिनीवरील कुस्तीचे हे समृद्ध शास्त्र होय. परंतु त्याचा सारा रोख पालथ्याचा उताणा करण्यावर आहे. उताण्याचे पुढे काय करावे, हा त्याचा विषय नाही.

ह्या बचावाचे बळ किती असते ह्याचे प्रसिद्ध उदाहरण १० सप्टेंबर १९१० रोजी लंडन येथे झालेल्या गामा व स्टॅनिस्लॉस झ्बिस्को यांच्या कुस्तीचे आहे. वजनाने बराच भारी असलेला झ्बिस्को प्रारंभीच खाली गेला आणि सुमारे अडीच तास गुडघे व हात टेकून तसाच राहिला. गामासारख्या मल्लालाही त्याची पाठ लावता आली नाही व कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे १९२८ साली पतियाळा येथे तीच जोडी पुन्हा लागली, तेव्हा गामाने एक मिनिटाच्या आत निकाल केला. पहिल्या कुस्तीत झ्बिस्कोने जे केले त्यास प्रेक्षकांनी भित्रेपणा म्हटले असेल. परंतु नियमाच्या दृष्टीने ते बिनचूक होते. पाठ दाखविल्याने त्याचे काहीच जात नव्हते. पाठ टेकल्याने मात्र सर्वस्व जाणार होते.

३. दुसरा मार्ग : पायांचा कोट

जिउजित्सूची परंपरा जपानहून आली. जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान ही संस्था स्थापन केली; तेथे तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझिलला पोहोचले व त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबात गेली. ह्या परंपरेत निकालाची मुख्य खूण पाठ टेकणे ही नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याने शरणागती पत्करणे ही आहे. सांधा उलट दिशेने ताणला गेला किंवा गळ्यावरील दाबाने मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह रोखला गेला की मल्ल हाताने थाप देऊन हार मान्य करतो. आपल्याकडेही हनुमंती, भीमसेनी, जांबुवंती व जरासंधी असे मल्लविद्येचे चार प्रकार परंपरेने सांगितले जातात. त्यांपैकी जांबुवंतीत प्रतिस्पर्ध्याला जखडून निरुपाय करण्याचा व जरासंधीत अवयव मोडण्याचा विचार आहे. म्हणजे बंधांची कल्पना आपणांस अपरिचित नव्हती. फडाच्या निकालात मात्र तिला स्थान उरले नाही.

निकाल शरणागतीवर ठेवला की पाठीचे मोल बदलते. उताण्या मल्लाचे दोन्ही पाय मोकळे असतात, आणि पाय हा शरीराचा सर्वांत बलवान अवयव होय. वरच्याच्या कमरेस विळखा घालून घोटे एकमेकांत अडकविले की तो 'बंद गार्ड' होतो. पाय मोकळे ठेवून तळवे प्रतिस्पर्ध्याच्या कमरेवर, मांडीवर वा दंडावर रोवले की तो 'खुला गार्ड'. आणि प्रतिस्पर्ध्याचा एकच पाय दोन्ही मांड्यांत धरला की 'अर्धा गार्ड'. तिहींत तत्त्व एकच आहे : वरच्याचे वजन आपल्या छातीपर्यंत पोहोचू न देणे. वजन कमरेवर व पायांवर अडून राहिले तोवर खालच्याला श्वास घेता येतो, कूस बदलता येते, हात पकडता येतो आणि संधी साधून वरच्याला उलटविता येते.

पायांच्या पकडीचे हे शिक्षण महाराष्ट्रास नवे वाटू नये. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेल्या मल्लखांबात मांड्या, पोटऱ्या व पायांची बोटे यांनीच खांब धरावा लागतो. मल्लखांब हा मुळात कुस्तीचाच पूरक व्यायाम होय. तथापि पायांची ही पकड प्रतिस्पर्ध्याच्या खाली राहून वापरण्याचा प्रसंग फडाच्या नियमामुळे आला नाही.

४. कोट ओलांडण्याची रीत

वरच्या मल्लाचे पहिले काम पुढे जाणे हे नसून आपला कणा ताठ राखणे हे आहे. बंद गार्डमध्ये खालचा मल्ल मान व दंड ओढून वरच्याला वाकवू पाहतो; वाकलेल्याचा हात व गळा दोन्ही धोक्यात येतात. म्हणून प्रथम बैठक, मग घोट्यांचा विळखा सोडविणे, आणि त्यानंतरच ओलांडणे, असा क्रम शिकविला जातो.

विळखा सुटल्यावर मार्ग तीन राहतात. पहिला पायांच्या मधून : गुडघा प्रतिस्पर्ध्याच्या मांडीवरून तिरपा सरकवीत पलीकडे काढणे. दुसरा पायांच्या बाजूने : दोन्ही गुडघे वा घोटे धरून एका अंगास लोटणे व आपण दुसऱ्या अंगाने शिरणे. तिसरा पायांच्या खालून : मांड्या खांद्यावर घेऊन प्रतिस्पर्ध्यास त्याच्याच अंगावर दुमडणे. मार्ग कोणताही असो, खालच्याच्या गुडघ्यांची रेषा मागे टाकणे हेच त्याचे गमक आहे. वरच्याची कंबर त्या रेषेच्या अलीकडे आहे तोवर गार्ड जिवंत असतो.

रेषा ओलांडली तरी काम संपत नाही. खालचा मल्ल कुशीवर वळून कंबर मागे सरकवितो आणि मिळालेल्या फटीतून गुडघा पुन्हा आत घालतो. ती फट बुजविण्यासाठी वरचा मल्ल एका हाताने त्याची कंबर अडवितो, दुसरा हात त्याच्या मानेखालून घालून खांद्याने त्याचे तोंड पलीकडे वळवितो, व छातीवर छाती ठेवतो. डोके जिकडे वळते तिकडे कणा वळतो. तोंड एका बाजूस आणि कंबर दुसऱ्या बाजूस अशी अवस्था झाली की खालच्याचे बळ एकवटत नाही. ह्यालाच ताबा म्हणावयाचे. ताब्यात केवळ वजन नसते. प्रतिस्पर्ध्याच्या हालचाली दोन टोकांस बांधून टाकण्याची योजना असते.

५. नियम स्थितीचे मोल ठरवितो

जिउजित्सूच्या प्रचलित स्पर्धानियमांत गार्ड ओलांडून तीन सेकंद ताबा राखल्यास ३ गुण मिळतात. छातीवर सवारीस ४ व पाठीवर दोन्ही पाय अडकवून घेतलेल्या ताब्यासही ४. गार्ड ओलांडला जात असता खालचा मल्ल पालथा झाला, तर वरच्यास ते ३ गुण मिळत नाहीत. परंतु खालच्याने आपली पाठ उघडी केलेली असते, आणि तेथून ४ गुणांचा व गळा आवळण्याचा मार्ग मोकळा होतो. तालमीतील सर्वांत सुरक्षित स्थिती येथे सर्वांत धोक्याची ठरते, ती अशी.

मॅटवरील मुक्त शैलीची कुस्ती ह्या दोहोंच्या मध्ये आहे. तेथे दोन्ही खांदे टेकवून धरले की निकाल होतोच. शिवाय पाठ मॅटकडे नव्वद अंशांहून कमी कोनात झुकली तरी २ गुण जातात. डिसेंबर २०१८ मध्ये जालना येथे भरलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या अंतिम लढतीत माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेख याने मॅट विभागातून आलेल्या गतविजेत्या अभिजित कटके यास ११-३ अशा गुणांनी हरविले. राज्यातील सर्वांत मानाच्या कुस्तीचा निकाल चीतपटीवाचून लागतो, ह्यावरून नियम किती बदलले आहेत हे दिसते.

मिश्र युद्धकलेत ठोसे मोकळे असल्याने गार्डचे मोल पुन्हा बदलते. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेली पहिली यूएफसी स्पर्धा रॉयस ग्रेसी याने जिंकली, तेव्हा जमिनीवरील विद्येचे सामर्थ्य जगापुढे आले. परंतु आज तेथे केवळ स्थितीला गुण नाहीत. त्या स्थितीतून काय साधले, हे पंच पाहतात. गार्डमध्ये राहूनही वरचा मल्ल प्रहार करू शकतो, म्हणून तो ओलांडण्याची निकड कमी होते, आणि उताणे राहण्याची किंमत वाढते.

६. सवयीचा प्रश्न

ह्या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व प्रशिक्षणात आहे. आठदहा वर्षे तालमीत घालविलेला तरुण मिश्र युद्धकलेकडे वळला की त्याची कंबर, बोटांची पकड, वजन टाकण्याची हातोटी व पटात शिरण्याचा वेग त्याच्या उपयोगी पडतात. परंतु खाली जाताच पालथे होण्याची सवय विचाराने नव्हे, अंगाने शिकलेली असते. संकटात अंग तेच करते आणि गळा प्रतिस्पर्ध्याच्या हाती देते. दुसरा धोका याहून गंभीर आहे. तालमीत मांडीवर थाप मारणे हे आव्हान होय. येथे थाप म्हणजे शरणागती. ती वेळेवर न दिल्यास कोपर वा गुडघा कायमचा जायबंदी होऊ शकतो. चीत होईपर्यंत हार मानू नये, ही वृत्ती फडात गुण आहे. सांध्याच्या बंधात तीच अपायकारक होते.

सवय पालटता येते, ह्याचा दाखला आपल्या इतिहासात आहे. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटचा व आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव त्यांना नव्हता. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्यांनी मातीची विद्या टाकून दिली नाही. नव्या नियमात तिच्यातील काय टिकते व काय टिकत नाही, एवढे पारखून घेतले.

शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांनीही हेच करावयास हवे. कोणत्याही भूमिस्थितीस स्वतःचे असे मोल नसते. निकालाचा नियम तिला मोल देतो. म्हणून विद्यार्थ्यास डाव शिकविण्यापूर्वी 'येथे हार कशास म्हणतात?' हा प्रश्न विचारावयास शिकविणे अगत्याचे आहे. ज्या प्रशिक्षकास त्याचे उत्तर स्पष्ट आहे, तोच मातीतील मल्लास नव्या आखाड्यात निर्धास्तपणे उतरवू शकेल.