कैलासातील दगड किती?

वेरूळ आमच्या शहरापासून अवघ्या ३० किलोमीटरांवर आहे. त्यामुळे कैलास लेणे पाहिले नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत विरळाच. यंदाच्या सहलीत एका विद्यार्थ्याने आम्हांस गाठले. त्याने मोबाइलवरील एका चित्रफितीत ऐकले होते की, या लेण्यातून चार लाख टन दगड अठरा वर्षांत काढला. रोज बारा तास काम धरले तरी तासाला पाच टन दगड काढावा लागतो. सबब हे मनुष्याचे काम नव्हे, परग्रहावरील कोणाचे तरी असावे! भागाकार आम्ही तेथेच करून पाहिला. तो बरोबर आहे. परंतु भागाकार बरोबर असला म्हणजे भाज्य व भाजकही खरे असतात, असे नाही.

प्रथम भाज्य घेऊ. जुन्या मोजणीप्रमाणे कैलासाचे प्रांगण २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असून मागील कडा १०७ फूट उंच आहे. ही सबंध पेटीच पोकळ केली असे मानले, तर सुमारे ४५ लाख घनफूट होतात. आपल्याकडील काळ्या पाषाणाचा घनफूट सुमारे ८० किलो भरतो. म्हणजे एकंदर वजन साडेतीन लाख टनांहून थोडे अधिक. चार लाख तरीही होत नाहीत. शिवाय डोंगर पुढच्या अंगास उतरत आला आहे, आणि मधोमध उभे असलेले मंदिर काढलेले नसून राखलेले आहे. ही वजाबाकी करून बाजूच्या ओवऱ्यांतील दगड मिळविला, तर आकडा दोन लाखांच्या आसपास येतो. कित्येक ग्रंथांत तोच दिलेला आढळेल.

आता भाजक. हे काम किती वर्षे चालले हे सांगणारा शिलालेख नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने सुमारे इ. स. ७५६ ते ७७३ पर्यंत राज्य केले. त्या कारकीर्दीची लांबीच कोणी तरी बांधकामास लावून दिली असावी. काम त्याच्या मागून पुढेही चालले, असे मानणारे अभ्यासक आहेत.

तथापि वादापुरती अठराच वर्षे धरू. दोन लाख टन म्हणजे दिवसाला सुमारे ३० टन. हा आकडा ऐकून छाती दडपते, कारण डोळ्यांपुढे एकच मनुष्य उभा राहतो. तेथे २५० पाथरवट होते असे समजा. माणशी रोज दीड घनफूट दगड वाट्यास येतो. घण व छिन्नी चालविणाऱ्यास तो जड खरा, अशक्य खास नव्हे. पालकांनी हा हिशेब घरी मुलांसह करून पाहावा; प्राथमिक शाळेचे गणित त्यास पुरते. आम्हांस वाईट वाटते ते एवढ्याचसाठी की, एका फुगविलेल्या आकड्यापायी, ज्यांच्या छिन्नीचे घाव मागील कड्यावर आजही दिसतात, त्या माणसांचे श्रेय हिरावले जाते.

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने आता ‘बावन्न दरवाज्यांचे शहर’ हे बिरुद तपासावयास घेतले आहे. सुटीच्या दिवशी तो सायकलीवरून वही घेऊन हिंडतो. यादी अद्याप पुरी झालेली नाही.