घोडं पेंड कुठे खातं?

कोलकात्यात हुगळीच्या पूर्व काठावर, खिदिरपूरच्या गोदीला लागून गार्डन रीच आहे. लखनौचे तख्त गेल्यावर नवाब वाजिद अली शाह यांनी याच भागातल्या मटियाबुर्जात बस्तान मांडले. आज हा परिसर ओळखला जातो तो शिवणकामाच्या बाजारासाठी आणि ‘गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्स’ या सरकारी गोदीसाठी. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका ‘अजय’ १९६१ मध्ये या गोदीने दिली. १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालेली ‘अर्नाळा’ही तिचीच. तिला वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचे नाव दिले आहे.

दारात साडेचारशे घोड्यांची स्पोर्ट्स कार उभी असलेल्या माणसाला युद्धनौकांशी काय देणेघेणे, असे वाटेल. पण त्याला छळणारा प्रश्न नौका आखणाऱ्यांना रोजच सोडवावा लागतो: खिशात ठरावीक पैसे आहेत, ते कुठे घातले तर वेग वाढेल? गाडीवाला बहुधा इंजिनापासून सुरुवात करतो. नौकेचा आराखडा करणारा इंजिनाकडे सगळ्यात शेवटी वळतो. त्याला आधी शोधायचे असते, की आहे त्या शक्तीचे घोडे पेंड कुठे खाते आहे.

वेगाची चढती किंमत

गार्डन रीचच्या गोदीने बांधलेली ‘तारमुगली’ ही नौका २०१६ मध्ये नौदलात आली. लांबी ४८ मीटरच्या वर, वजन ३२० टनांच्या घरात. पोटात तीन डिझेल इंजिने, एकूण ताकद ८,१६० किलोवॉट, म्हणजे अकरा हजार अश्वशक्ती. कमाल वेग ३५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ६५ किलोमीटर. अकरा हजार घोडे जुंपून गाडीच्या तिसऱ्या-चौथ्या गिअरचा वेग!

याचे कारण पाणी. पाण्यात चालणारी नौका स्वतःच लाटा उठवते आणि वेग वाढला की ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी नौकेच्या लांबीएवढी झाली की नौका आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते आणि तिला सतत चढ चढावा लागतो. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने टाकीत छोट्या प्रतिकृती ओढून हे गणित बसवले. ४९ मीटरच्या नौकेसाठी ही वेस साधारण १७ नॉटला येते. गोदीची शंभरावी युद्धनौका ‘एल-५६’ मार्च २०१९ मध्ये नौदलाच्या ताब्यात गेली. रणगाडे वाहणारी ही ६३ मीटरची, ८३० टनांची नौका १५ नॉटने, म्हणजे वेशीच्या अलीकडेच निवांत चालते. ‘तारमुगली’ला मात्र वेस ओलांडून दुप्पट पुढे जायचे आहे. तिथे नुसती इंजिने वाढवून भागत नाही. सांगाडा हलका आणि सडपातळ ठेवावाच लागतो.

रस्त्यावर अशी वेस नाही, पण हवा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. दीड हजार किलोची, बेताच्या रुंदीची, गुळगुळीत अंगाची स्पोर्ट्स कार घेऊन ढोबळ हिशेब मांडू. ताशी १०० किलोमीटरला हवा कापायला तिला साधारण ११ अश्वशक्ती पुरते. २०० ला लागते ८७ आणि ३०० ला जवळजवळ २९०. इंजिनाची ताकद दहा टक्क्यांनी वाढवली तर कमाल वेग वाढतो जेमतेम तीन टक्के. दुप्पट केली तरी २६ टक्के. लाखो रुपये ओतून ३०० चे ३१० करायचे आणि मग ते दहा किलोमीटर वापरायचे कुठे? कंटेनरच्या ट्रेलरनी गजबजलेल्या सर्क्युलर गार्डन रीच रोडवर तर नक्कीच नाही. इंदूरजवळ पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ची ११.३ किलोमीटरची चाचणी-धावपट्टी २०२१ मध्ये खुली झाली. असे वेग तिथेच शोभतात.

तेव्हा कमाल वेगाचा नाद सोडावा. पैसे खर्चायचेच तर पिकअप, वळणावरची पकड आणि ब्रेक यांवर.

टायर म्हणेल ती पूर्व दिशा

गाडी ‘शून्य ते शंभर’ किती सेकंदांत जाते, हे इंजिन ठरवते असा सार्वत्रिक समज आहे. साडेचारशे अश्वशक्तीच्या, मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत तो बराचसा खोटा ठरतो. वेग घेताना गाडीचे साठ टक्के वजन मागच्या चाकांवर असते असे धरू. कोरड्या रस्त्यावर चांगला टायर आपल्यावर जितके वजन आहे साधारण तितकाच जोर रस्त्याला लावू शकतो. त्याहून अधिक जोर आला की चाक जागीच फिरते आणि धूर निघतो. या मर्यादेत ही गाडी शंभरचा टप्पा ४.७ सेकंदांत गाठते.

आता इंजिन बदलून सहाशे अश्वशक्ती करा. वेळ तितकाच, ४.७ सेकंद! गिअरबॉक्समधली गळती वजा करूनही ताशी ११५ किलोमीटरपर्यंत मूळ इंजिनाचीच सगळी ताकद टायरला पेलत नाही. वाढीव दीडशे घोडे त्या टप्प्यात तबेल्यातच उभे राहतात. उलट इंजिनाला हात न लावता पंधरा टक्के जास्त पकड देणारे टायर घातले, तर तोच टप्पा ४.१ सेकंदांवर येतो. शिवाय वळणावर आणि ब्रेक लावतानाही तीच पकड कामी येते. इंजिनावरचा खर्च फक्त सरळ रस्त्यावर दिसतो, टायरवरचा चारही दिशांना.

मात्र टायर कोणता, हे हवामानाला विचारून ठरवावे. शर्यतीच्या मैदानासाठीचे, कमी खाचांचे टायर कोरड्या डांबरावर अप्रतिम चिकटतात, पण कोलकात्याच्या किंवा कोकणाच्या पावसात त्यांना पाणी बाजूला सारता येत नाही. मग टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो आणि गाडी तरंगते. ओल्या रस्त्यावर पकड साठ टक्क्यांवर आली, तर हिशेबातल्या गाडीला ताशी १९० पर्यंत पूर्ण ताकद वापरताच येत नाही. वर्षातले चार महिने भिजणाऱ्या शहरात ओल्या रस्त्यावर चांगले ठरलेले टायर हाच सर्वांत शहाणा खर्च.

पाण्याचा झोत आणि फुकटचा वेग

नौकेचा टायर म्हणजे तिचा पंखा. इंजिनाची शक्ती शेवटी त्याच्यातूनच पाण्याला मिळते. पण वेग फार वाढला की पंख्याच्या पात्यांवर दाब इतका उतरतो की तिथले पाणी न तापताच वाफेच्या बुडबुड्यांत बदलते. बुडबुडे फुटताना पात्यांचा धातू कुरतडतात आणि जोर वाया जातो. शिवाय पंख्याचा दांडा, त्याचे आधार, सुकाणू हे सगळे पाण्यात लोंबकळून विरोध वाढवतात. म्हणून ‘तारमुगली’ला पंखेच नाहीत. ती तळाकडून पाणी आत खेचते आणि मागून झोताने फेकते. ‘अर्नाळा’ही अशाच झोतावर चालते.

हे तंत्र रुजवले न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन या शेतकरी-अभियंत्याने, १९५० च्या दशकात, खडकाळ उथळ नद्यांमध्ये होडी नेता यावी म्हणून. सुरुवातीला तो झोत पाण्याखाली सोडत होता. मग त्याने झोताचे तोंड पाण्याच्या पातळीच्या किंचित वर आणले, तळाखाली लोंबणारे भाग काढून टाकले आणि होडी चांगलीच पळू लागली. त्यासाठी मोठे इंजिन आणावे लागले नाही, अडथळा तेवढा गेला.

त्याहून स्वस्त सुधारणा म्हणजे तळ खरवडणे. समुद्रात उभ्या राहिलेल्या नौकेच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात. अमेरिकी नौदल अकादमीतील मायकेल शुल्झ यांनी २००७ मध्ये एका फ्रिगेट युद्धनौकेसाठी हिशेब मांडला, तेव्हा शिंपल्यांच्या जाड थरामुळे नेहमीच्या वेगालाही ८६ टक्के जास्त शक्ती लागते असे निघाले. गाडीतले शिंपले ओळखावेत: कमी हवेचे टायर, बिघडलेले अलाइनमेंट, चाकाला घासत राहणारे ब्रेक, दमलेले स्पार्क प्लग, धुळीने बुजलेला एअर फिल्टर. हे सगळे ठीक न करता रिमॅपच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलून ताकद वाढवण्याच्या मागे लागणे म्हणजे शिंपल्यांसकट नवे इंजिन बसवणे.

गाडीच्या मागे लावायचा भलामोठा पंख याच्या उलट. तो दाब देतो तसा विरोधही वाढवतो. त्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी २४० ला जो दाब मिळेल त्याचा सोळावा हिस्सा ६० ला मिळतो. शहरात तो शोभेपुरताच.

वजन कुठले काढायचे?

गार्डन रीचनेच बांधलेली ‘किल्तान’ ऑक्टोबर २०१७ मध्ये नौदलात आली. तिच्याच वर्गातल्या आधीच्या दोन युद्धनौकांचा वरचा भाग पोलादी होता. हिचा मात्र कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा आहे. भारतातल्या मोठ्या युद्धनौकेवर असा प्रयोग पहिलाच. वजन काढले ते मुद्दाम वरचे. उंचावरचा एक टन नौकेला जितका डोलवतो, तितका तळाशी असलेला टन डोलवत नाही.

गाडीतही किलोमागे किंमत सारखी नसते. छतावरचे वजन वळणावर बाधते. चाकाचे वजन त्याहून जास्त, कारण ते पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते, शिवाय स्प्रिंगच्या खाली असल्याने प्रत्येक खड्ड्यात आपटते. म्हणून हलकी, घडीव अलॉय व्हील महाग असली तरी समजण्यासारखी आहेत. कार्बनचे बॉनेट काही किलोंसाठी मोठी रक्कम मागते. आणि डिकीतला साठलेला पसारा काढायला तर काहीच पडत नाही. दीड हजार किलोच्या गाडीतून ७५ किलो उतरवले तर ताकद आणि वजन यांचे गुणोत्तर पाच टक्क्यांहून थोडे जास्तच सुधारते. हे चोविसेक अश्वशक्ती वाढवल्यासारखेच झाले.

तापलेल्या हवेचा तोटा

टर्बो इंजिन हवा दाबून आत घालते आणि दाबलेली हवा तापते. तापली की विरळ होते, म्हणजे त्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. इंजिनात जाणारी हवा ६० अंशांऐवजी ४० अंशांची असेल, तर ती सहा टक्क्यांनी घन भरते. नौकेच्या डिझेल इंजिनांना ही हवा थंड करायला समुद्र मिळतो. गाडीला बंपरमागचा इंटरकूलर आणि मे महिन्यातली कोलकात्याची उकाड्याची हवा. वाहतुकीत उभी राहिली की गाडी आपलीच ताकद गमावते. अशा गाडीत मोठा इंटरकूलर हा मोलाचा बदल ठरू शकतो. बॉनेटखाली उघडा ठेवलेला शंकूसारखा फिल्टर मात्र आवाज छान करतो आणि हवा इंजिनाच्या झळांतलीच ओढतो.

इंधनाचेही तेच. इंजिन जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेले असेल आणि त्यात कमी ऑक्टेनचे भरले, तर नॉकिंग (इंधनाचे अवेळी पेटणे) टाळायला संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद घटते. योग्य पेट्रोल भरले की ती परत मिळते. इंडियन ऑइलचे शंभर ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० पासून निवडक शहरांत मिळू लागले. साध्या इंजिनात ते ओतून मात्र पंपवाल्याशिवाय कुणाचे भले होत नाही.

कारखान्यातूनच टर्बो आलेल्या गाडीत रिमॅप हा रुपयामागे सर्वाधिक अश्वशक्ती देणारा बदल आहे, हे मान्य करायला हवे. टर्बो नसलेल्या इंजिनात त्याचा लाभ किरकोळ. पण वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्सला सोसतो का, हे आधी पाहावे, नाहीतर आज वाचवलेले पैसे उद्या गिअरबॉक्समध्ये जातील.

थांबण्याची ताकद

दीड हजार किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवताना ब्रेकला ५.८ लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. दोन लिटर पाणी उकळीला आणायला साधारण तेवढीच लागते. २०० वरून थांबवायचे तर चौपट. ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ताजे डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषते आणि पुरेसे भिजले की १५५ अंशांच्या पुढे त्याची हमी राहत नाही. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल जमिनीला टेकते. दमट हवेच्या शहरात वेळच्या वेळी ताजे ऑइल आणि चांगले पॅड यांचा खर्च टायरच्या एका संचापुढेही क्षुल्लक आहे.

मोजा, मगच बोला

नौकेच्या वेगाची चाचणी घेताना ती ठरलेल्या अंतरावर उलटसुलट दोन्ही दिशांना पळवतात आणि सरासरी काढतात, म्हणजे प्रवाहाची फुकटची मदत हिशेबातून जाते. गाडीलाही वाऱ्यासाठी आणि चढासाठी तोच नियम. एका वेळी एकच बदल करावा, बंद ट्रॅकवर जीपीएसने आधी-नंतर मोजावे, आणि बदल आकड्यात दिसला नाही तर तो पैसा कानांसाठी गेला असे समजावे.

कायद्याचाही काटा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर महागात पडू शकतो.

म्हणून खर्चाचा क्रम असा: आधी देखभाल आणि डिकीतला पसारा, मग ब्रेक ऑइल आणि पॅड, मग हवामानाला साजेसे टायर, मग थंड हवा, आणि कायद्यात बसत असेल तर सगळ्यात शेवटी ताकद. बहुतेकांच्या बाबतीत तिसऱ्या पायरीवरच गाडी इतकी सुधारते, की पाचव्या पायरीचे पैसे बँकेत राहतात.