शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे

२०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा आकडा ४८ लाख कोटींच्या वर होता. त्यातले सुमारे १३ हजार कोटी अंतराळ विभागाला मिळाले, म्हणजे शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे. ‘इथे प्यायला पाणी नाही आणि हे चंद्रावर पाणी शोधतात’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. ते बोलणाऱ्याच्या गावात उन्हाळाभर टँकर येत असेल, तर त्याला हे सत्तावीस पैसे दाखवून गप्प करणे मला पटत नाही. रक्कम लहान असली तरी तिचा हिशेब द्यावाच लागतो.

भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचा पाया घालणाऱ्या विक्रम साराभाईंना याची जाण पहिल्यापासून होती. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले, तेव्हा रॉकेट अमेरिकेचे होते आणि कार्यालय चर्चच्या इमारतीत. बड्या राष्ट्रांशी शर्यत लावायची नाही, हे तंत्रज्ञान लोकांच्या खऱ्या प्रश्नांना लावायचे, ही त्यांची भूमिका. १९७५-७६ मध्ये नासाचा उपग्रह वर्षभर वापरायला घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य, शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम पोहोचवले गेले. थुंब्यात घन इंधनावर उमेदीची वर्षे घातलेले आपले वसंतराव गोवारीकर पुढे मान्सूनच्या अंदाजाकडे वळले, तेही याच वाटेने.

या खर्चाचा सर्वांत ठोस हिशेब ओडिशाच्या किनाऱ्यावर मिळतो. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात जवळपास दहा हजार माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन चक्रीवादळ त्याच राज्यात गोपाळपूरजवळ धडकले. त्याआधी सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित जागी हलवले होते, आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. कल्पना-१ आणि इन्सॅट-३ए हे उपग्रह या वादळावर नजर ठेवून होते. पण १९९९ चे वादळही उपग्रहाला दिसले होते आणि हवामान खात्याने इशाराही दिला होता! मधल्या चौदा वर्षांत ओडिशाने चक्रीवादळ निवारे बांधले, आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र यंत्रणा उभारली, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. वरून आलेली माहिती झेलायला खाली माणसे उभी राहिली, तेव्हा उपग्रहावरचा पैसा वसूल झाला. २०१७ च्या ओखी वादळात दक्षिणेकडचे अनेक मच्छीमार आधीच खोल समुद्रात, मोबाइलच्या टप्प्याबाहेर होते. इशारा त्यांच्या नावेपर्यंत गेलाच नाही. उपग्रहावरून होडीवर संदेश पोहोचवण्याच्या सोयीला खरी गती त्यानंतर मिळाली. ती आधी व्हायला हवी होती.

म्हणून टीका करायचीच, तर ती नेमक्या जागी करावी. स्वदेशी दिशादर्शनाच्या नाविक मालिकेतल्या अनेक उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. रोजच्या उपयोगाची ही व्यवस्था रखडते, याची चर्चा चांद्रमोहिमांच्या तुलनेत फारच थोडी होते.

चांद्रमोहिमांचे मला वावडे नाही. चांद्रयान-१ वर सुमारे ३८६ कोटी खर्च झाले, आणि चंद्रावर पाण्याचे अंश असल्याचा पुरावा त्याच यानावरच्या उपकरणांनी दिला. चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी लागले. केवळ जाणून घेण्यासाठी एवढा सार्वजनिक पैसा देणे एवढ्या मोठ्या देशाला शोभतेच. वादळातून वाचलेल्या जिवांच्या मापाने या ज्ञानाची किंमत काढू नये.

गगनयानापाशी मात्र मी थबकते. २०२४ मध्ये मानवी उड्डाणाच्या कार्यक्रमाची मंजूर रक्कम, अंतराळ स्थानकाचा पहिला भाग धरून, २० हजार कोटींवर गेली. माणूस वर पाठवायचा म्हणजे त्याला जिवंत परत आणण्यावरच मोठा खर्च होतो. त्या पैशांत अनेक मानवरहित मोहिमा होतात. देशाला हे सामर्थ्य हवे असेल तर जरूर मिळवावे. पण त्यासाठी हवामान, समुद्र आणि भूजल पाहणाऱ्या उपग्रहांचे पैसे एका वर्षीही कापले जाऊ नयेत, आणि प्रत्येक फसलेल्या उड्डाणाचा चौकशी अहवाल संसदेपुढे यावा. या दोन अटींवर माझे मत या खर्चाच्या बाजूने आहे. तुमचे मत काहीही असो, पुढच्या अर्थसंकल्पाआधी आपल्या खासदाराला या दोन गोष्टी विचारा.