घोट्याच्या हाडाची साक्ष

नरवानरांचा उगम भारतात झाला, हे विधान गेली पस्तीसेक वर्षे अधूनमधून छापून येते आणि त्याच्या मुळाशी नागपूरचे एक नाव चिकटलेले आहे. १९८८ साली गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी यांनी ‘नेचर’मध्ये भारतातला पहिला क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडातला, सस्तन प्राणी जाहीर केला. आजच्या तेलंगणातल्या नस्कल गावाजवळ मिळालेल्या, मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या दाढांवरून त्यांनी तो ओळखला होता. नाव दिले ‘डेक्कनोलेस्टीस हिस्लोपाय’. हिस्लोपाय म्हणजे नागपुरात ज्यांच्या नावाचे कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांचा. पुढे या चिमुकल्या प्राण्याला थेट माकड-मानवाच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी नेऊन बसवण्याचा प्रयत्न झाला. आज उपलब्ध पुरावा त्या बाजूने नाही. तरीही नरवानरांचा आरंभ समजून घ्यायचा तर डेक्कनोलेस्टीसला वगळता येत नाही, कारण झाडावर चढता येणे आणि नरवानर असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याच्याइतके स्पष्ट फार थोड्या जीवाश्मांनी दाखवले आहे.

हिस्लॉप यांचा मान योग्यच होता. १८५१ मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळीला काळ्या दगडाच्या थरांमध्ये दबलेला गोड्या पाण्यातला गाळ आणि त्यातले जीवाश्म सापडले. लाव्हाचा एक लोट थंडावला, त्यावर तळे साचले, तळ्यात गोगलगायी, मासे, बेडूक नांदले, मग पुढच्या लोटाने सगळे झाकून टाकले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असे वारंवार घडले. मधल्या या गाळाला भूशास्त्रज्ञ ‘इंटरट्रॅपियन’ म्हणतात. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात बुडून गेले. टाकळघाट नागपूरच्या दक्षिणेला, बुटीबोरीकडे. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, काटोल रोडकडे गिट्टीखदान. आज पोलीस ठाण्यामुळे आणि रहदारीमुळे ठाऊक असलेल्या या वस्तीचे नाव १९८४ साली एका फ्रेंच शोधनिबंधाच्या शीर्षकात झळकले होते, तिथल्या इंटरट्रॅपियन गाळातल्या मासे-सरड्यांच्या सूक्ष्म जीवाश्मांसाठी. ज्या खडकाची गिट्टी करून आपण रस्ते बांधले, त्याच्या मधल्या पापुद्र्यात हा सगळा इतिहास होता.

आता मूळ पुराव्याकडे. डेक्कनोलेस्टीससारख्या प्राण्यांचे सांगाडे मिळत नाहीत. मिळतात ते सुटे दात आणि सुटी हाडे, तीही अशी की मातीत बोटांनी शोधून हाती लागणार नाहीत. माती पोत्यांनी आणायची, कडक वाळवायची, रॉकेलमध्ये भिजवून मग पाण्यात सोडायची म्हणजे चिकणमाती आपोआप विरघळते. मग बारीक जाळीच्या चाळणीतून धुऊन उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने दाणा-दाणा निवडायचा. अशा चुऱ्यातून १९९४ मध्ये प्रसाद आणि मार्क गोदिनो यांनी घोट्याची आणि टाचेची हाडे पुढे आणली. ती विलक्षण होती. जमिनीवर धावणाऱ्या प्राण्याचा घोटा बिजागरीसारखा पुढे-मागेच चालतो. या हाडांवरच्या सांध्याच्या जागा मात्र असे सांगत होत्या की पाऊल आतल्या बाजूला वळू शकत होते, म्हणजे तळवा खोडाला लावून वर-खाली जाता येत होते. झाडावरच्या प्राण्यांची ही खूण आहे, आणि नरवानर, उडते लेमूर, वृक्षचिचुंद्र्या यांच्यात ती आढळते. त्यावरून नात्याची कल्पना सुचणे स्वाभाविक होते. २०१० मध्ये डग बॉयर आणि सहकाऱ्यांनी दंडाची व कोपराची हाडे अभ्यासून तिला बळही दिले.

पण इथे दोन शंका घ्याव्या लागतात. पहिली साधी: ही हाडे दातांना जोडलेली मिळाली नाहीत. आकार जुळतो आणि त्या गाळात तो प्राणी विपुल आहे, एवढ्यावर हाडे त्याच्या नावावर लावली गेली. अनुमान वाजवी आहे, पण अनुमानच. दुसरी शंका जास्त खोल आहे. सारखे काम करणारे अवयव वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे सारखे होतात. मग फक्त घोटा पाहून कूळ ठरवायचे कसे? यावर उपाय एकच, शक्य तितकी लक्षणे, शक्य तितके प्राणी एकत्र घेऊन वंशवृक्ष मांडणे. २०११ मध्ये अंजली गोस्वामी यांच्या पुढाकाराने तसे झाले, आणि डेक्कनोलेस्टीस नरवानरांच्या जवळ तर सोडाच, आजच्या सगळ्या अपरायुक्त सस्तनांच्या मूळ शाखेच्याही बाहेर गेला. त्याचे सोयरे निघाले युरोप-आफ्रिकेतल्या ॲडापिसोरिक्युलिड या नामशेष कुळात. या निबंधाच्या लेखकांत प्रसाद आणि बॉयर दोघेही आहेत. आधीच्या वर्षी ज्यांनी नाते सुचवले, त्यांनीच पुरावा वाढल्यावर ते सोडले. आपल्याकडे अशा माघारीची बातमी होत नाही, ही वेगळी गोष्ट.

यावर एक आक्षेप असा येतो की, जनुकांच्या कालमापनानुसार नरवानरांची शाखा क्रिटेशसमध्येच फुटली असावी. मग त्या काळातला पूर्वज भारतात का नको? उत्तर असे की जनुके काळ सांगतात, गाव सांगत नाहीत. आणि जीवाश्मांत आजवरचा सर्वांत जुना मानला जाणारा नरवानरसदृश प्राणी पर्गेटोरियस हा अमेरिकेतल्या मोंटानाचा आहे; त्याच्याही घोट्याची हाडे २०१५ मध्ये झाडावर चढणाऱ्या प्राण्याची ठरली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. उत्तरेकडे सरकणारे भारताचे बेट हे प्राण्यांचे तारू होते आणि आशियाला टेकताच त्यावरचे वंश जगभर पसरले, अशी कल्पना डेव्हिड क्राऊस आणि मेरी मास यांनी १९९० मध्ये मांडली. तिला गुजरातने आधार दिला. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीतून सुमारे ५ कोटी ४५ लाख वर्षांपूर्वीचे खरे नरवानर मिळाले: मार्कगोदिनोशियस, एशियाडॅपिस, वस्तानोमिस. त्यांची हातापायांची हाडे २०१६ मध्ये तपासली तेव्हा ती इतकी साधी, इतकी अविशिष्ट निघाली की लेमूर आणि माकड या दोन शाखांच्या समान पूर्वजाची ठेवण ती सांगतात, असा निष्कर्ष निघाला.

तरी साधेपणा म्हणजे जुनेपणा नव्हे. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियात खरे नरवानर साधारण ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच, तापमान एकाएकी वाढले त्या सुमारास, दिसू लागतात. वस्तानचे त्यानंतरचे. बाहेरून आलेला वंश एका कोपऱ्यात जुनी ठेवण टिकवून राहतो, याची उदाहरणे कमी नाहीत. तेव्हा वस्तानवरून भारत हे उगमस्थान होते असे म्हणता येत नाही, आणि ते नव्हतेच असेही म्हणता येत नाही. कारण डेक्कनोलेस्टीस आणि वस्तान यांच्यात एक कोटीहून अधिक वर्षांची दरी आहे आणि त्या काळातला भारतीय सस्तनांचा पुरावा जवळपास रिकामा आहे. नेमक्या याच काळात नरवानर घडले.

ही दरी भरायची तर कुठे चाळायचे? गाळाचे सगळे थर एकाच वयाचे नाहीत. नागपूरच्या उत्तरेला छिंदवाड्याजवळ झिलमिलीचा इंटरट्रॅपियन थर आहे. तिथे २००९ मध्ये समुद्री सूक्ष्मजीवांच्या कवचांवरून तो डायनोसॉरांच्या अंतानंतरचा, पॅलिओसीनच्या अगदी सुरुवातीचा ठरला. म्हणजे हवे ते पान नेमके उघडे आहे, फक्त सस्तनांच्या दृष्टीने वाचले गेलेले नाही. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. उणीव आहे ती पोत्यांनी माती धुण्याच्या कंटाळवाण्या, लगेच निकाल न देणाऱ्या कामाला वर्षानुवर्षे पैसा मिळण्याची. त्यातच बांधकामाची घाई अशी की खडीच्या खाणी उघडतात आणि बुजतात, मधला गाळ कोणी उचलत नाही. तो खदानवाल्याच्या लेखी निव्वळ माती असतो. झिलमिलीसारख्या थरातून उद्या एखादी दाढ मिळाली तरी वाद मिटणार नाही, कारण सुट्या हाडांवरून पूर्वी किती घाई झाली हे आपण पाहिले. हवे आहे ते जबडा आणि घोटा एकाच प्राण्याचे, एकाच ढेकळात. आणि त्यात आतल्या कानाभोवतीचे हाड मिळाले तर फारच उत्तम, कारण नरवानर ओळखण्यात त्या हाडाची साक्ष घोट्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह असते.