गावरान अंडे : कवचाचा रंग नको, कोंबडीचे जगणे पाहा

इंझोरीसारख्या गावात अंड्याचे दोन भाव असतात. दुकानातल्या ट्रेमधल्या पांढऱ्या अंड्याचा एक आणि कुणाच्या तरी अंगणातून आलेल्या गावरान अंड्याचा दुसरा. हा दुसरा भाव बहुधा दीडपट-दुपटीच्या घरात जातो. कोंबडीचेही तेच. पोळ्याच्या करीला किंवा जावई घरी आला की ‘गावरानच पाहिजे’ असा आग्रह होतो. एरवी बॉयलरवर भागवले जाते. हा जादा पैसा नेमका कशासाठी मोजायचा, हे कळले तर खर्च आटोक्यात राहतो आणि घरातल्यांचे पोषणही साधते.

प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. देशात २०२३-२४ मध्ये माणशी वर्षाला १०३ अंडी उपलब्ध होती. पोषणतज्ज्ञांची शिफारस १८० अंड्यांची आहे. शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा राज्याचा स्वतंत्र निधीही जानेवारी २०२५ मध्ये थांबला. म्हणजे अंड्याची जबाबदारी पुन्हा घरच्या चुलीवर आली.

रंग फसवतो

तपकिरी कवच म्हणजे गावरान, हा सर्वांत मोठा गैरसमज. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. बंदिस्त पिंजऱ्यात राहणारी संकरित कोंबडीही तपकिरी अंडे देते. बलकाचा गडद पिवळा रंग खाद्यातून येतो. हिरवा पाला आणि पिवळा मका खाल्ला की बलक गडद होतो, आणि तोच रंग झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात मिसळूनही आणता येतो. त्यामुळे नुसते फोडून पाहिल्याने खात्री होत नाही.

दुसरी खूण गणिताची आहे. मोकाट फिरणारी देशी कोंबडी वर्षाकाठी साधारण ६० ते ८० अंडी देते. काही दिवस अंडी दिली की ती खुडूक बसते. फार्मवरची कोंबडी तीनशेच्या आसपास अंडी देते. एखादा विक्रेता बारा महिने रोज ट्रेच्या ट्रे एकाच आकाराची ‘गावरान’ अंडी पुरवत असेल, तर ती अंगणातली असण्याची शक्यता कमीच. ती गिरीराज, वनराज अशा सुधारित जातींची किंवा सरळ फार्मवरची असू शकतात. ती वाईट नव्हेत, पण भाव मात्र गावरानचा लागतो.

पोषणात फरक किती?

प्रथिनांच्या दर्जात फरक नगण्य आहे. देशी अंडे लहान, साधारण ४० ग्रॅमचे. त्यातून साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. फार्मचे ५५ ग्रॅमचे अंडे सहा ग्रॅम देते. गावरान दुप्पट भावाने घेतले, तर तेवढ्याच पैशात मिळणारी दोन साधी अंडी बारा ग्रॅम प्रथिने देतात.

मोकळ्या कोंबडीचा खरा लाभ दुसरीकडे आहे. उन्हात फिरणाऱ्या कोंबडीच्या त्वचेत माणसासारखेच ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि ते बलकात उतरते. जर्मनीतील हाले येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा अंड्यांत ‘ड’ जीवनसत्त्व बंदिस्त कोंबड्यांच्या अंड्यांपेक्षा तीन-चार पट आढळले. पाला, किडे, दाणे असे मिश्र खाणे मिळाले की बलकातील स्निग्धांशाचा दर्जाही सुधारतो. पण कोंबडी खरोखर उन्हात फिरली असेल तरच. खुराड्यात कोंडून निव्वळ तांदळाच्या कणीवर पोसलेली देशी कोंबडी हा लाभ देत नाही.

बॉयलरची भीती आणि खरा धोका

बॉयलरला वाढीची इंजेक्शने देतात, अशी चर्चा गावोगावी असते. वस्तुस्थिती अशी की सुमारे सहा आठवड्यांत दोन किलो भरणारी ही कोंबडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आणि मका-सोयापेंडीच्या खाद्यातून घडली आहे. हजारो पक्ष्यांना रोज संप्रेरकाची सुई टोचणे व्यवहारात परवडणारेही नाही.

काळजी करायची ती प्रतिजैविकांची. दाटीने ठेवलेल्या पक्ष्यांना आजार नसतानाही ही औषधे खाद्यातून दिली, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि उद्या माणसाच्या उपचारात तेच औषध निकामी ठरते. म्हणूनच केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता कोलिस्टिन या औषधावर बंदी घातली. औषधांविना वाढवलेल्या कोंबडीला चार पैसे जास्त देण्याचे हे खरे कारण आहे.

मात्र अंगणातली म्हणून कोंबडी आपोआप निर्धोक ठरत नाही. ती उकिरड्यावर, गोठ्यात आणि शेतातही चरते. जून महिन्यात पेरणीच्या वेळी औषध चोळलेले सोयाबीनचे किंवा कपाशीचे बियाणे आणि पुढे फवारणी झालेले धुरे तिच्या वाटेत असतात. मानमोडीची साथ आली की लसीकरण न झालेल्या कोंबड्या पटापट मरतात, आणि ‘मरण्याआधी कापून घ्या’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो ऐकू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये शेजारच्या कारंजा तालुक्यातील खेर्डा येथे बर्ड फ्लूने हजारो कोंबड्या दगावल्या होत्या. कोंबड्या अचानक मरू लागल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

घेताना, ठेवताना, शिजवताना

गावात राहण्याचा मोठा फायदा म्हणजे विकणारी बाई आणि तिचे अंगण, दोन्ही पाहता येतात. कोंबड्या दिवसभर बाहेर असतात का, खायला काय घालता, मानमोडीची लस दिली का, अंडी किती दिवसांची आहेत, एवढे चार प्रश्न पुरतात. शहरात पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहिले असेल तर ‘जैविक भारत’चे चिन्ह शोधावे. ‘गावरान’ या शब्दाला असे चिन्ह नाही. तिथे ओळख आणि विश्वासच कामी येतो.

कळपात कोंबडा असला की अंडी फलित असतात आणि वाशीमच्या उन्हाळ्यात ती लवकर बिघडतात. म्हणून उन्हाळ्यात थोडीच घ्यावीत व थंड जागी ठेवावीत. ठेवण्याआधी धुऊ नयेत, कवचावरचा संरक्षक थर निघून जातो. मळलेले अंडे कोरड्या फडक्याने पुसावे आणि वापरण्याच्या वेळी धुवावे. तडकलेले घेऊच नये.

दुधात कच्चे अंडे घालून आजाऱ्याला किंवा पहिलवानाला देण्याची रीत सोडून द्यावी. त्यात जंतूंचा धोका आहे, शिवाय कच्च्या अंड्यातील प्रथिने जेमतेम निम्मी पचतात, शिजवलेल्यातील सुमारे ९० टक्के.

गावरान कोंबडी पाच-सहा महिन्यांची, हिंडून-फिरून वाढलेली असते. तिचे मांस चिवट असते, म्हणून ती मंद आचेवर बराच वेळ शिजवावी लागते आणि रश्श्याला चव त्यातूनच येते. मटणासाठी रानात चरलेली बेरारी शेळी विदर्भाची स्वतःची आहे. मांसातील लोह शरीरात चांगले शोषले जाते, त्यामुळे रक्तक्षय असलेल्या घरातील बाईच्या ताटात चार फोडी पडल्या पाहिजेत, नुसती तरी नव्हे.

हिशेब शेवटी सोपा आहे. पैसे मोजके असतील तर आठवड्याला चार गावरान अंड्यांपेक्षा आठ साधी अंडी घरातल्या मुलांच्या जास्त उपयोगाची. ऐपत असेल आणि कोंबडी डोळ्यांनी पाहिलेली असेल, तर गावरान जरूर घ्यावे. ‘ड’ जीवनसत्त्व मिळेल आणि पैसा गावातल्याच बाईच्या हाती जाईल. आणि दारात जागा असेल तर चार कोंबड्या पाळाव्यात. मग अंडे गावरान आहे का, हे कुणाला विचारावे लागणार नाही.