लवचिक वैद्यकीय खर्च खाते
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वेतनाचा काही भाग करमुक्त ठेवून तो कर्मचाऱ्याच्या वैद्यकीय खर्चासाठी राखण्याची योजना. तिला १९७८ च्या महसूल अधिनियमाचा आधार आहे. वेतन लांबणीवर टाकण्याचे ते साधन होऊ नये, म्हणून वर्षअखेरची शिल्लक कर्मचाऱ्याने गमवावी, असे १९८४ च्या प्रस्तावित नियमांत ठरले. ती मालकाकडे राहते. उलटपक्षी, संपूर्ण वर्षाची रक्कम आरंभीच खर्च करून कर्मचारी नोकरी सोडून गेल्यास तोटा मालक सोसतो.

२००५ मध्ये अडीच महिन्यांची वाढीव मुदत देता येऊ लागली, तरी असंतोष राहिला. २०१२ मध्ये शासनाने लोकांची मते मागविली. आजारपणाचा खर्च आधी वर्तविता येत नाही, शिल्लक बुडू नये म्हणून वर्षअखेरीस अनावश्यक खर्च होतो आणि अल्पवेतनी कर्मचारी थोडी रक्कमही बुडण्याच्या भीतीने योजनेपासून दूर राहतात, असे आक्षेप पुढे आले. बहुतेकांनी बदलाची मागणी केली. त्यानुसार २०१३ मध्ये ५०० डॉलरपर्यंतची शिल्लक पुढील वर्षात नेण्याची मुभा मिळाली. २०२० मध्ये ही मर्यादा महागाईशी निगडित करण्यात आली. मात्र ही सवलत देणे मालकाच्या इच्छेवर अवलंबून असते. २००४ पासूनच्या आरोग्य बचत खात्यातील शिल्लक खातेदाराचीच राहते. परंतु त्यात भर घालण्यासाठी, प्रारंभीचा मोठा खर्च स्वतः सोसावा लागणारा विमा असणे आवश्यक असते.