साचेखात्याचं दार

१९२८ साली मुंबईतले दीड लाखांवर गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. कम्युनिस्टांच्या लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच लढ्यात उभी राहिली. तरीही जास्त पगाराच्या साचेखात्याचं, म्हणजे विणकाम विभागाचं, दार दलित कामगाराला बंदच होतं. धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि दलिताच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. हे दार उघडा, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला.

आधी वर्ग की आधी जात, हा महाराष्ट्रातल्या डाव्यांचा वाद इथूनच पेटला. शोषण संपलं की जात आपोआप गळून पडेल, असं मानणारे पुष्कळ होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्धच्या संपात कम्युनिस्ट आणि आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष एकत्र लढले. ती एकजूट टिकली नाही. चळवळीनं गमावलेली ही सर्वांत मोठी संधी, असं मला वाटतं.

पुढे हा प्रश्न पुन्हापुन्हा दार ठोठावत राहिला. १९७२ मध्ये दलित पँथर ही संघटना उभी राहिली आणि दोनच वर्षांत मार्क्स की बुद्ध या वादात फुटली. त्याच काळात ‘मागोवा’ या डाव्या गटातले तरुण शहाद्याकडे गेले. तिथल्या श्रमिक संघटनेत आदिवासी स्त्रियांनी दारूचे गुत्ते फोडले. मजुरीच्या लढ्यात घरातली मारहाणही येते, हे त्यांनी चळवळीला शिकवलं. १९७८ मध्ये शरद पाटलांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्सच्या जोडीला फुले-आंबेडकरांना वैचारिक पायातच घेतलं.

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतल्या गिरण्या बंद पडत गेल्या. लाल बावट्याचा उरलासुरला आधारही सरला. पण मार्च २०१८ मध्ये नाशिकहून लाल बावटे घेऊन शेतकरी मुंबईला चालत आले, त्यांत वनजमिनीचा हक्क मागणारे आदिवासी मोठ्या संख्येनं होते. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून सोललेल्या पायांनी ते रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले.

‘आधी एकजूट, तुमचं नंतर बघू’ असं म्हणणाऱ्यांच्या हाती एकजूट कधी लागली नाही. सगळ्यांत मागे उभ्या असलेल्याचं दुखणं सगळ्यांनी आपलं मानलं, तरच ती होते. साचेखात्याच्या दारात १९२८ साली विचारलेला प्रश्न म्हणूनच आजही पहिला आहे.